रस्ता रुंद करायचा का? त्याआधी हा रस्ता नेमका कुणाचा, ते ठरवू

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण विषय रोजचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

बार्शी नाक्याकडून बिंदुसरेचा पूल ओलांडायचा आणि जालना रोडने पुढं जायचं. हा आपल्या बीड शहरातला जुना महामार्ग. तो सुधारायचा का, किती रुंद करायचा, डांबर की सिमेंट, यावर बीडमध्ये जेवढा वाद होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. दुकानदार म्हणतो, "रुंद केला तर माझी शेड जाईल, आणि काम दोन वर्षं रेंगाळलं तर गिऱ्हाईकही जाईल." रिक्षावाला म्हणतो, "शेड गेली तरी चालेल, पण माझ्या गाडीचा पाटा दर पावसाळ्यात तुटतो." मागच्या गल्लीतला माणूस म्हणतो, "रस्ता उंच कराल आणि सगळं पाणी माझ्या घरात सोडाल." आणि कुणीतरी शेवटी म्हणतंच, "काही होत नसतं, बिल निघालं की रस्ता उखडणार."

यातलं एकही म्हणणं खोटं नाही. पण या वादात एक गोष्ट कायम राहून जाते. आपण रस्त्याची रुंदी मोजतो, त्याची मालकी विचारत नाही. तो कुणाचा, कुणासाठी केला, कुणी केला आणि त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी आज कुणाच्या नावावर आहे, हे ठरल्याशिवाय रुंदीच्या वादाला अर्थ नाही. त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

रुळांनी टाळलेलं गाव

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे झाली. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावं रुळावर आली. बीड बाजूला राहिलं. जिल्ह्यात परळीला पुढं रेल्वे आली, पण जिल्ह्याच्या ठिकाणाला नाही. नगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ च्या सुमारास, आणि बीडहून नगरला गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधे तीस वर्षं गेली. मंजुरीच्या वर्षी जन्मलेल्या पोरांची लग्नं होऊन गेली.

याचा रस्त्याशी संबंध असा की, शंभर-सव्वाशे वर्षं या शहराला जगाशी जोडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रस्ता. मोंढ्यातला माल, दवाखान्याचा पेशंट, पुण्याला शिकायला निघालेलं पोरगं, हंगामाला निघालेला ऊसतोड मजूर, सगळे रस्त्यानंच गेले. दुसऱ्या जिल्ह्यात रस्ता खराब झाला तर लोक रेल्वे धरतात. आपल्याकडं ती सोयच नव्हती. म्हणून बीडमध्ये रस्त्यावरचा राग जरा जास्त असतो, आणि तो असायलाही पाहिजे.

हैदराबाद संस्थानानं रेल्वे खात्याच्या जोडीनं १९३२ मध्ये २७ गाड्यांवर सरकारी बस सुरू केली होती. आपल्या शेजारच्या नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली ती १ जून १९४८ ला. तेव्हा आपण अजून संस्थानात होतो. साडेतीन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, आपली सुटका झाली. नगर–बीड अंतर फार नाही, पण मधे दोन राज्यांची हद्द होती, आणि हद्दीपाशी रस्त्यांचं जे होतं तेच आपल्याही रस्त्यांचं झालं. ते कुणाच्याच महत्त्वाच्या यादीत नव्हते.

वेशीच्या आत आणि वेशीच्या बाहेर

जुनं बीड हे वेशींचं शहर. माळीवेस, राजुरीवेस, कोतवाली वेस ही नावं अजून आपल्या तोंडी आहेत. आतल्या गल्ल्या माणसाच्या, बैलाच्या आणि टांग्याच्या मापानं झाल्या. त्या अरुंद आहेत म्हणून आज आपण नावं ठेवतो, पण ज्या कामासाठी केल्या ते काम त्यांनी चोख केलं. सावली दिली, बाजार दिला, शेजार दिला.

पाण्याचंही तसंच. शहराबाहेरची खजाना बावडी सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. जमिनीखालच्या पाटानं तिचं पाणी गुरुत्वाकर्षणावर पुढं जातं. मोटार नाही, पंप नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी आधी जमिनीखालचं काम केलं, मग वरचं. आज आपला क्रम बरोबर उलटा आहे. आधी रस्ता होतो, मग पाण्याची पाइपलाइन टाकायला तो फोडला जातो, मग भुयारी गटारीसाठी परत, मग केबलसाठी परत. अमृत योजनेच्या शहरांत बीडचं नाव आलं तेव्हा आपण खूश झालो. खूश व्हायलाच पाहिजे होतं. पण पाइप आधी आणि डांबर नंतर हा साधा क्रम कुणी पाळायचा, हे मात्र ठरलं नाही.

कागदावर रस्ता कसा जन्माला आला

राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी वाटणी आज आपण सहज बोलतो. ती आली १९४३ च्या नागपूर परिषदेतून. देशभरातले मुख्य अभियंते तिथं जमले आणि कुठला रस्ता कुणाच्या खात्यात, याची मांडणी केली. कल्पना चांगली होती: प्रत्येक रस्त्याला एक मालक असावा. पण त्यातून एक दुखणंही जन्मलं. गावातून जाणारा मोठा रस्ता गावाचा राहिला नाही. त्याचा मालक नागपूर, मुंबई किंवा दिल्लीत बसू लागला आणि खड्ड्याची तक्रार मात्र नगरपालिकेत येऊ लागली.

सोलापूर–धुळे रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा २११ क्रमांक मिळाला. पुढं २०१० मध्ये देशभरातले क्रमांक बदलले आणि हाच रस्ता पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या ५२ क्रमांकाच्या महामार्गाचा तुकडा झाला. म्हणजे आपल्या दारातला रस्ता एकदम दोन हजार किलोमीटरच्या वर लांब झाला. आपण अजूनही त्याला जालना रोडच म्हणतो, ते बरंच आहे.

मधल्या काळात १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. १९७४ ला विकास आंदोलन झालं. १९८४ ला प्रा. वि. म. दांडेकर समितीचा अहवाल आला. राज्यातला एकूण अनुशेष त्यात सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या मराठवाड्याचा होता. ज्या क्षेत्रांचा अनुशेष मोजला त्यात रस्तेही होते. आपल्याकडचे रस्ते मागं आहेत ही नुसती ओरड नव्हती, सरकारनं नेमलेल्या समितीनं आकड्यात मांडलेली गोष्ट होती.

खडी कुणी फोडली?

आता सगळ्यात महत्त्वाचं. रस्ता मंजूर सरकारनं केला, पण केला कुणी?

बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडच्या सत्तरीच्या पुढच्या कुठल्याही बाईला विचारा. ती आधी मिलो सांगेल, मग सुकडी सांगेल, मग खडी. विहिरी आटल्या, जनावरं गेली, आणि माणसं दुष्काळी कामावर गेली. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्ते. उन्हात बसून हातोडीनं दगड फोडायचा, ढीग लावायचा, मग मोजणी, मग हजेरी, मग पगार. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. लेकरं ढिगाशेजारी लुगड्याच्या सावलीत झोपलेली असायची.

याच अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढं देशाच्या रोजगार हमी कायद्याला याच कायद्यानं वाट दाखवली.

जिल्ह्यातल्या कितीतरी रस्त्यांचा पाया असा घातला गेलेला आहे. मुरूम आमच्या आजीनं वाहिला, खडी तुमच्या आजीनं फोडली. म्हणून उद्घाटनाच्या फलकावर "यांच्या प्रयत्नातून" असं कुणाचं नाव दिसलं की मला तो ढीग आठवतो. रस्ता हा कुणी दिलेला प्रसाद नाही. त्याच्या तळाशी आपल्याच घरातल्या माणसांची मजुरी आहे.

आणि खडीवरून एक तांत्रिक गोष्ट. खडीचे थर दाबून रस्ता करायची जी पद्धत बांधकाम खात्यात आजही चालते, तिचा पाया दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या मॅकॅडम नावाच्या माणसानं घातला. त्याचं म्हणणं साधं होतं: भार दगड नाही पेलत, खालची जमीन पेलते, आणि जमीन कोरडी असेल तरच पेलते. म्हणून रस्त्याला मधे उंची द्या, दोन्ही बाजूंनी पाणी काढा. दोनशे वर्षं झाली. आपल्या शहरात अजून रस्ता आधी होतो आणि नाली "पुढच्या टप्प्यात" असते. आपला रस्ता गाड्यांनी कमी आणि साचलेल्या पाण्यानं जास्त मरतो. त्यातून आपली काळी जमीन, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. तिच्यावर नालीशिवाय रस्ता म्हणजे दरवर्षीचं बिल.

नदीनं दिलेला इशारा

जुलै १९८९ चा बिंदुसरेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. नदीनं शहराला दाखवून दिलं की तिची जागा तिच्या लक्षात आहे. त्यानंतर महामार्गावरचा बिंदुसरेचा जुना पूल धोकादायक झाला तेव्हा दुसरा धडा मिळाला. जड वाहनं बंद झाली, शेजारी पर्यायी पूल केला, आणि २०१७ च्या पावसाळ्यात तोही वाहून गेला. एक पूल बंद पडला की अख्खं शहर दोन तुकडे होतं, हे तेव्हा सगळ्यांनी अनुभवलं. तिकडं दवाखाना, इकडं घर, मधे पाणी.

मग नवा पूल झाला. पण प्रश्न असा आहे की एवढा महत्त्वाचा पूल, त्याची तब्येत तपासायची जबाबदारी आधीपासून कुणाची होती? महामार्गवाले, बांधकाम खातं की नगरपालिका? पूल चांगला असताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो बंद झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

बायपास आला, रस्ता पोरका झाला

येडशी ते औरंगाबाद चौपदरीकरण झालं, सुमारे १९० किलोमीटर. पाडळसिंगीला टोल सुरू झाला. शहराला बायपास मिळाला. जड गाड्या बाहेरून जायला लागल्या, ही चांगलीच गोष्ट. ज्यांच्या घरासमोरून रात्रभर ट्रक जायचे त्यांना विचारा.

पण बायपास झाला की शहरातल्या जुन्या रस्त्याचं काय होतं? पद्धत अशी आहे की महामार्गाचा जो तुकडा बायपासमुळं बाजूला पडतो, तो केंद्राकडून एकदा सुधारून राज्याकडं सोपवायचा. यातला "एकदा" हा शब्द लक्षात ठेवा. एकदा सुधारणा, आणि त्यानंतर हात झटकले. पुढची सगळी वर्षं, सगळे पावसाळे ज्याच्या पदरात रस्ता पडेल त्याचे. त्यामुळं हस्तांतर लांबलं की रस्ता पोरका होतो, आणि घाईत झालं तर आजारी अवस्थेत पदरात पडतो.

मालकी बदलणं अवघड असतं असं मात्र समजू नका. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा निकाल दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू होणार होता. तेव्हा राज्यातल्या काही शहरांत काय झालं आठवा. शहरातून जाणारे महामार्ग पटापट वर्ग करण्याच्या हालचाली झाल्या, म्हणजे "हा महामार्गच नाही" असं म्हणता यावं. वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी जी फाईल हलत नाही, ती बारसाठी हलू शकते, हे तेव्हा उभ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मग लहान लेकरं शाळेला चालत जातात म्हणून का हलू नये?

मग रस्ता करायचा का?

माझं स्पष्ट मत: करायचा. नको म्हणणाऱ्यांची भीती खरी आहे, पण आहे तसा रस्ता ठेवणं हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत रोज चुकवावी लागते. मणक्यात, दुचाकीवरून पडण्यात, धुळीत, आणि कधीकधी जिवात.

पण रुंदीचा आग्रह जरा बाजूला ठेवू. बायपास झाल्यावर शहरातल्या रस्त्याचं काम बदललं. आता तो सोलापूरहून धुळ्याला जाणाऱ्या ट्रकसाठी नाही. तो मोंढ्यात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे, बसस्टँडवर पिशव्या घेऊन उतरणाऱ्या म्हातारीसाठी आहे, शाळा-कॉलेजच्या पोरींसाठी आहे. महामार्गाच्या मापानं शहराचा रस्ता केला तर दोन गोष्टी होतात. मोकळ्या वेळी गाड्या सुसाट जातात आणि माणूस ओलांडू शकत नाही. गर्दीच्या वेळी वाढवलेल्या जागेत गाड्या उभ्या राहतात आणि रस्ता होता तेवढाच उरतो.

म्हणून "किती मीटर?" याच्या आधी हे सहा प्रश्न विचारा. नगरसेवकाला, आमदाराला, अधिकाऱ्याला, ज्याला भेटाल त्याला.

१. आज हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे? हस्तांतराचा कागद दाखवा. बारसाठी कागद निघतो तर खड्ड्यासाठीही निघाला पाहिजे.

२. जमिनीखालचं काम पूर्ण झालं का? पाणी, गटार, वीज, केबल. झालं नसेल तर वरचं काम थांबवा. चार महिने उशीर परवडतो, चार वर्षं खोदकाम परवडत नाही.

३. नाली कुठं सुरू होते आणि कुठं संपते? नकाशावर बोट ठेवून दाखवा. मधेच संपणारी नाली म्हणजे कुणाच्या तरी घरात संपणारी नाली.

४. नव्या रस्त्याची उंची किती? जुना थर खरवडून काढणार की त्याच्यावरच नवा चढवणार? दरवेळी वरून थर चढवल्यानं रस्ता वर आणि घरं खाली जातात. मागच्या गल्लीतल्या माणसाची तक्रार हीच आहे आणि ती शंभर टक्के रास्त आहे.

५. चालणाऱ्याची जागा कुठं आहे? फुटपाथ हा उरलेल्या जागेत करायचा प्रकार नाही. तो आधी आखायचा असतो. हातगाडीवाल्यांना हुसकून तो मोकळा होत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांनाही जागा ठरवून द्यायची आहे.

६. ज्याची जागा जाते त्याला काय मिळणार आणि कधी? अतिक्रमण वेगळं, मालकीची जागा वेगळी. दोन्हींना एकाच जेसीबीनं मोजू नका. मालकाला मोबदला काम सुरू होण्याआधी कळला तर अर्धा विरोध तिथंच संपतो.

यातला एकही प्रश्न रस्ता अडवायला नाही. रस्ता टिकवायला आहे.

आणखी एक. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकेच्या कामांची यादी आहे. "रस्ते आणि पूल" त्यात लिहिलेलं आहे. पण राज्यातल्या बहुतेक पालिकांसारखी आपल्या पालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीला संपली आणि पुढं जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. त्या काळात वॉर्डातला माणूस कुणाला धरणार होता? आता निवडून आलेली माणसं आहेत. त्यांनी सभागृहात बसून या रस्त्यावर उघड चर्चा करावी, नकाशा आठवडाभर पालिकेच्या दारात लावावा, लोकांची लेखी म्हणणी घ्यावीत. वाद होईल, होऊ द्या. टेंडर निघायच्या आधीचा वाद स्वस्त असतो. नंतरचा वाद कोर्टात जातो आणि रस्ता तसाच राहतो.

आपल्या आजीनं खडी फोडली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं की रस्ता कुठून न्यायचा. पोटाला पाहिजे होतं म्हणून तिनं फोडली. आज आपल्याला विचारायचा हक्क आहे, माहितीचा अधिकार आहे, मत आहे. तरीही आपण फक्त खड्ड्याचा फोटो टाकून गप्प बसलो तर दोष एकट्या ठेकेदाराचा नाही.

तुमच्या भागात रस्ता उंच होऊन पाणी घरात येत असेल, किंवा झालेला रस्ता परत खोदला असेल, तर गल्लीचं नाव आणि साल खाली लिहा. सगळं एका ठिकाणी जमलं तर पालिकेत नेऊन देता येईल. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही लिहा. आपला रस्ता आहे, भांडणही आपणच करू.

#बीड #जालना_रोड #रस्ता_कुणाचा